नंबर सातचं पिंप

टॉमनाबर डिस्टिलरी,
२ फेब्रुवारी १९९६

चि. एल्स्पेथ हिस अनेक आशीर्वाद.

इकडे स्पे नदी काठाकाठाने गोठली आहे. माझ्या गुडघ्याचं रडगाणं तुला पाठ आहे, म्हणून ते वगळतो. खरी गोष्ट अशी, की नाताळाआधी ताप येऊन गेला तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. सकाळची कॉफी, ओलं कुत्रं, आमच्या गेडिस साहेबाचं अत्तर, सगळं एकच. एकतीस वर्षं मी इथे वास घेऊन व्हिस्की पारखतो. दुसरं मला काही येत नाही. तेव्हा कुणाला सांगायची सोय नाही.

आणि नेमकं आत्ताच बारा पिंपांचं काम माझ्या गळ्यात आहे. दहा वर्षं साध्या ओकच्या पिंपात मुरलेली व्हिस्की आम्ही गेल्या वर्षी स्पेनहून आणलेल्या शेरीच्या, म्हणजे तिथल्या कडक वाइनच्या, रिकाम्या पिंपांत ओतली. ती बाहेर कधी काढायची, हे मी सांगायचं. घाई केली तर शेरीचा गुण उतरत नाही, उशीर केला तर नुसतं लाकूड लागतं. बाटलीवर नाव माझं छापणार आहेत.

संत्र्याचं मार्मालेड शिजून झालं की नाही ते तू शेजारच्या खोलीतून वासावर सांगतेस. म्हणून बारा चिमुकल्या बाटल्या पोस्टाने धाडतो आहे. बाबा दारूपायी गेले त्या वर्षी, चौदाव्या वर्षी, तू चर्चमध्ये थेंबही न घेण्याची शपथ घेतलीस, ती मला ठाऊक आहे. ओठाला लावू नकोस. नुसतं हुंग आणि लिही.

अशा निकामी भावावरही लोभ ठेवशील ना? ठेवच.

तुझा दादा,
लॅकलन


पोर्टसॉय,
१२ फेब्रुवारी १९९६

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं खोकं आलं. पोस्टमनने ते दारात दोनदा हलवून पाहिलं, आत किणकिण झाली आणि तो माझ्याकडे पाहून हसला. शुक्रवारपर्यंत सगळ्या बंदराला कळलं. पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हा मी खोकल्याचं औषध म्हणून सांगितलं. हे माझं या वर्षातलं पहिलं खोटं, ते तुझ्या नावावर.

पडदे ओढून बसले आणि एकेक बाटली हुंगली. बहुतेकांना मनुकांचा, संत्र्याच्या सालीचा आणि डब्यात विसरलेल्या नाताळच्या केकचा वास आहे. तिसरीला बाबांच्या कोटाचा वास आला. त्यांनी मला त्या कोटात गुंडाळून जत्रेहून आणलं होतं ते आठवलं, आणि मी जरा वेळ उठून स्वयंपाकघरात गेले. असल्या बाटलीत चांगली आठवण निघेल असं वाटलं नव्हतं.

सातवी मात्र वाईट आहे. काड्यापेटीतल्या विझलेल्या काड्यांचा वास. मी सगळ्या बाटल्या दिवसभर उघड्या ठेवून पुन्हा हुंगल्या, तरी काड्या होत्याच. तिला बाकीच्यांत मिसळू नकोस.

गुडघ्याला लोकरी पट्टा पाठवते आहे. तो वापरावास आणि बहिणीवर असाच जीव असू द्यावास.

एल्स्पेथ


टॉमनाबर,
२० एप्रिल १९९६

चि. एल्स्पेथ हिस अनेक आशीर्वाद.

तुझा विसरलेला केक मी माझा म्हणून गेडिस साहेबाला ऐकवला. तो इतका खूश झाला की त्याने ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. म्हणाला, लॅकलन, तुझं नाक म्हणजे कवीचं नाक आहे. मी नम्रपणे खाली पाहिलं.

सातव्या पिंपाबद्दल मात्र तुझं ऐकलं नाही. ते मी स्वतः स्पेनमध्ये ठोकून, वाकून, आत डोकं घालून निवडलं होतं. बाराही पिंपांत तेच माझं लाडकं. तू जन्मभर प्रवचनांत ऐकलंस की दारू म्हणजे नरक आणि नरकात गंधक जळतं, मग तुला काड्यांचा, गंधकाचा वास येणारच. परवा बाराही पिंपं एकत्र केली.

रागावशील, पण चार दिवसांनी निवळ. तोवर आमचा आशीर्वाद आहेच.

दादा


टॉमनाबर,
९ ऑक्टोबर १९९६

चि. एल्स्पेथ हिस अनेक आशीर्वाद.

तू पाच महिने पत्र लिहिलं नाहीस, ते मी ओढवून घेतलं. आता ऐक. आपल्या व्हिस्कीला लंडनला सुवर्णपदक मिळालं. परीक्षकांनी लिहिलं आहे, मनुकांमागून दुरून येणारा शेकोटीचा धूर. शेकोटी, एल्स्पेथ. आमच्याकडे कुठलीच शेकोटी नव्हती. ते वाचलं आणि मी तुझं फेब्रुवारीचं पत्र काढून तुझ्या काड्यांची ओळ पुन्हा वाचली.

तो धूर सातव्या पिंपाचा असणार असं मी बोलून गेलो, आणि गेडिस साहेबाने फर्मान काढलं आहे, की पुढच्या वर्षी सगळी पिंपं सातव्यासारखीच हवीत. मी त्याच्या खोलीत गेलो आणि सरळ सांगून टाकलं, की साहेब, मला गेल्या नाताळाआधीपासून कसलाही वास येत नाही. तो पोट धरून हसला. थोर माणसं अशीच विनयशील असतात, म्हणाला, आणि खोक्यावर माझा फोटो छापायचं ठरवलं.

सगळे पाठ थोपटतात. मी रोज एक ग्लास ओतून बसतो आणि गरम पाणी प्यायल्यासारखं वाटतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला माझंच काम चांगलं की वाईट ते कळत नाही, आणि कुणी सांगत नाही. एक बाटली तुला पाठवली आहे. उघडू नकोस, नुसती ठेव.

तुझ्या एका ओळीची वाट पाहतो.

दादा


पोर्टसॉय,
१८ ऑक्टोबर १९९६

ती. दादास सा. न. वि. वि.

मी उघडली. मंगळवारी दुपारी दोन वाजता कडी लावली, आणि घरात तसला ग्लास नसल्याने अंड्याच्या कपात ओतून प्यायले. चव्वेचाळीस वर्षांची शपथ मोडली. नुसत्या वासावर तू विश्वास ठेवला नाहीस, म्हणून प्यावं लागलं.

पहिल्या घोटाला मनुका आणि संत्रं आलं. बाबा रात्री घरी का येत नसत ते मला क्षणभर समजलं, आणि समजलं म्हणून रडू आलं. मग काड्या आल्या, त्या संध्याकाळच्या चहापर्यंत जिभेवरून गेल्या नाहीत. वाईट आहे दादा. अकरा चांगली पिंपं तू एका लाडक्यापायी नासवलीस. पण ती अकरा तुझीच होती, आणि ती फार चांगली होती. पदक देणाऱ्यांना यातलं एकही कळलेलं नाही.

हे पत्र घेऊन गेडिस साहेबाकडे जा आणि त्याला वाचून दाखव. तो पुन्हा हसला तर मला कळव. मी सकाळच्या बसने येते. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसते, आणखी एक घोट घेते आणि त्याला काय ते सांगते.

बाकी क्षेम. लोभ होता, आहे, तो तपासून पाहू नये.

तुझी बहीण,
एल्स्पेथ