कंपाउंडरचं पथ्य

३ फेब्रुवारी, सोमवार

कंपाउंडर सकाळपासून पलंगाखाली. दूध ठेवलं, हुंगलंसुद्धा नाही. दोनदा ओकला. नुसतं पिवळं पाणी.

कंपाउंडर म्हणजे आमचा बोका. दवाखान्यातल्या कोटासारखा पांढराधोप, म्हणून हे नाव. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, एकाही कंपाउंडरनं माझं ऐकलं नाही. हाही ऐकत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

उन्हात धरून कान बघितले. आतून पिवळे! हिरड्या पिवळ्या. कावीळ. एवढ्या निदानाला मला डॉक्टर लागत नाही.

शेजारच्या चंद्राबाई कुंपणावरून म्हणाल्या, "आवं, माळ घाला की गळ्यात. माझ्या माहेराला एक जण देतो. माळ खाली उतरली की कावीळ उतरती." बोक्याला माळ! उभी नोकरी या माळांशी भांडण्यात गेली. दारोदार "माळ काढा, दवाखान्यात चला" म्हणून घसा कोरडा केला. "ती माळ तुमच्यापाशीच ठेवा," म्हटलं. फणकाऱ्यानं आत गेल्या.

पथ्य सुरू केलं. मासे बंद, अंडं बंद, तेलातुपाचा थेंब नाही. मऊ भात, पातळ ताक, उसाचा रस. हजार काविळी बघितल्या मी. बोक्याची काय निराळी असणार आहे?

५ फेब्रुवारी

उसाचा रस सिरिंजनं पाजला. अर्धा त्याच्या पोटात, अर्धा माझ्या साडीवर. भाताला तोंड लावलं नाही.

यल्लाप्पा म्हणाले, "चिमूटभर सुकट दे की त्येला."

"तुमी गप बसा. काविळीत सुकट देत्यात व्हय?"

ते ताकभात कालवायला लागले. (घरात मी नवऱ्याचं नाव घेत नाही, 'आवं'वर भागतं. इथे घेते. वही कुणाला सांगायला जात नाही.) एसटीत ड्रायव्हर होते. तीन वर्षांपूर्वी लिव्हर आकसल्याचं निघालं. आयुष्यात दारूचा थेंब नाही, तरी! तेव्हापासून त्यांचंही पथ्य माझ्याच हातचं. मऊ भात, ताक, उकडलेला दुधी. अंडी, मासे, डाळ, तेल — बंद म्हणजे बंद. आता दोघांचं ताट एकच झालंय. स्वयंपाकाला सोपं पडतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अजून काही खात नाही. उचलला तर हाताला नुसती हाडं लागली. एवढा कधी हलका झाला?

नागसेनचा पुण्याहून फोन. "आई, डॉक्टरांकडे ने त्याला." म्हटलं, इथं गाईम्हशींचे डॉक्टर आहेत, त्यांची सुई बघूनच हा जीव सोडेल. मागून सूनबाईंचा — प्रियंकाचा — आवाज आला, "साताऱ्यात मांजरांच्या आहेत एक. पत्ता पाठवते." मांजरांच्या! पाठव म्हटलं. माझा पथ्यावर विश्वास आहे. पण बघून तर येऊ.

८ फेब्रुवारी, शनिवार

कोरेगावहून पहिली एसटी. बोका झाकणाच्या टोपलीत. यल्लाप्पा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून साताऱ्यापर्यंत त्याच्या गिअरला नावं ठेवत होते. बोका गप्प. ओरडलाही नाही. झाकण तीनदा उघडून बघितलं.

डॉक्टर संयोगिता. वय नागसेनएवढं. मी छत्तीस वर्षांची नर्स असल्याचं आत शिरल्या शिरल्या सांगून टाकलं. त्यांनी रक्त काढलं, सोनोग्राफी केली. पित्ताच्या नळीला सूज आहे, ती लिव्हरपर्यंत पोचलीय. अँटिबायोटिकनं आटोक्यात येतं, म्हणाल्या.

"खायला काय देत होता?"

सांगितलं. चांगलं ऐटीत सांगितलं, रसासकट.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, मांजर मांसावर जगतं. चार दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी सगळी लिव्हरवर जाऊन बसते. सुजेच्या आधी उपासच मारतो त्याला."

जगेल का, विचारलं. "आठवडाभर काही सांगता येणार नाही."

नर्स असल्याचं आत शिरताच सांगायला नको होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरांनी काल नाकातून नळी घालून दिलीय. उकडलेलं चिकन वाटून, गाळून, चार चार तासांनी नळीतून. हे काम मला कुणी शिकवू नये. हात अजून चांगले आहेत. अक्कल गेली होती, एवढंच.

दुपारी न्हाणीत नळ सोडून रडले. चंद्राबाईंच्या माळेनं निदान त्याला उपाशी तरी ठेवलं नसतं.

११ फेब्रुवारी

तसाच. चंद्राबाईंनी विचारलं. "उतरतीय," म्हटलं. खोटं बोलले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नळीला पंजा मारला! मला ओरबाडलं! हातावर तीन लांब रेघा. इतका आनंद झाला की टिंक्चर लावायचं राहिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

साताऱ्याला दाखवून आणला. नळी काढली. कान आतून परत गुलाबी होत आलेत. औषध महिनाभर, आणि पोटभर खायला घाला, म्हणाल्या. "पोटभर" म्हणताना माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर ताटलीतलं चिकन आपणहून खाल्लं. मग आणखी मागितलं. मी परत रडले. या वेळी स्वयंपाकघरातच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारची जेवणं. कंपाउंडरपुढे चिकन, यल्लाप्पांपुढे मऊ भात आणि दुधी. यल्लाप्पा बराच वेळ बोक्याच्या ताटलीकडे बघत होते. मग म्हणाले, "ह्येचं बरं हाय. ह्येचा डॉक्टर निराळा."

मी हसले. मग वाढताना त्यांच्या मनगटाकडे नजर गेली. घड्याळ कोपरापर्यंत वर सरकलेलं. पट्ट्याला शेवटचं भोक पुरत नाही. रोज बघते मी हे मनगट. कंपाउंडरचं वजन दिसलं, हे कसं दिसलं नाही?



१८ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर संयोगितांना फोन केला. बोक्याचं सांगितलं, आणि मग विचारलंच — लिव्हर आकसलेल्या माणसाचं पथ्य काय असतं? म्हणाल्या, "मी माणसांची डॉक्टर नाही, मावशी. पण त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं असेल की."

कपाटातून मिरजेच्या दवाखान्याची फाइल काढली. गोळ्यांचे कागद मळलेत, शंभरदा बघितलेत मी. शेवटी आहाराचं पान. कोरं करकरीत, मराठीत छापलेलं. ते मी वाचलंच नव्हतं. आहार मला कुणी शिकवायचा?

'डाळ, अंडी, मासे रोज द्यावेत. तेल बंद करू नये. मीठ कमी. रुग्णाला उपाशी ठेवू नये.' 'उपाशी' खाली पेनानं दोन रेघा. खाली 'नातेवाइकांना समजावून सांगितले', आणि पुढे माझी सही.

तीन वर्षं. बोका चार दिवसांत मरणाला टेकला होता, आणि यांना मी तीन वर्षं…

आज त्यांच्या डोळ्याला डोळा दिला नाही. दुधी मात्र केला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल धीर झाला नाही. आज दोन अंडी उकडून ताटात ठेवली, शेजारी तो कागद. म्हटलं, चुकलं माझं. वाचा.

यल्लाप्पांनी चष्मासुद्धा शोधला नाही. अंडं सोलत म्हणाले, "वाचलंय मी त्ये. तवाच, मिरजंहून येताना गाडीत."