टोकाची खुर्ची

असाकुसा,
५ ऑक्टोबर १९८७

चि. किनुको हिस,
अ. उ. आ.

माझा गुडघा बरा आहे, विचारू नकोस. कामाचं लिहिते. बाबांचं टेंपुऱ्याचं दुकान नोव्हेंबरअखेर बंद होतंय. तात्सुझोचे हात आता कढईवर थरथरतात आणि त्याच्या मुलाला बँकेतली नोकरी सोडायची नाही. तू एकदा ये आणि तिथे बसून जेवून जा. बाबांच्या देवळातल्या अंत्यविधीला आलीस आणि तिथूनच परस्पर परत गेलीस, तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते. पुढच्या वर्षी त्या जागी मोटारी उभ्या राहतील.

शिगेओंना माझे आशीर्वाद. थंडीत गळ्याला काही गुंडाळत जा.

तुझी ताई,
मित्सुए


हाकोदाते,
१४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. शिगेओंनीही वाचलं. म्हणाले, ताईंनी शाळेतली नोकरी सोडली, पण हजेरी घेणं सोडलं नाही. इथे बर्फ पडायच्या आत म्हाकुळं वाळवायची घाई चालली आहे.

यावंसं वाटत नाही असं नाही. परवा शेजारी कुणीतरी तिळाच्या तेलात काही तळत होतं. मी हातातलं काम टाकून तिथेच उभी राहिले. पण ताई, बाबांनी हाताखाली तयार केलेल्या तात्सुझोला घरजावई करून दुकान त्याच्या हाती द्यायचं ठरवलं होतं, आणि मी शिगेओंबरोबर निघून आले. या दारातून पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही, असं बाबा म्हणाले होते. ते शब्द त्यांनी कधी मागे घेतले नाहीत. आता ते नाहीत म्हणून मी गुपचूप आत शिरायचं? आणि तात्सुझोसमोर कोणत्या तोंडाने बसू?

रागावू नकोस. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
किनुको


असाकुसा,
२३ ऑक्टोबर

चि. किनुको हिस,
अ. उ. आ.

तात्सुझोची काळजी सोड. त्याला तीन मुलं आहेत आणि बायको त्याला चांगली धाकात ठेवते. तो तुझ्यासाठी झुरत बसलेला नाही.

आता दुसरं. काल मी दुकान उघडून दारावरचा पडदा लागायच्या आधीच तिथे गेले होते. तात्सुझोने तेल तापवलं, पहिली मुडदुशी पिठात बुडवून तळली आणि पांढऱ्या कागदावर ठेवून टोकाच्या खुर्चीपुढे मांडली. शाळेतून आल्यावर तू बसायचीस तीच खुर्ची. तिथे कुणी नव्हतं. मला राग आला. टेंपुरा समोर ठेवून गप्पा मारणाऱ्या गिऱ्हाइकाला बाबा कसे दटावायचे, ते तुला आठवतच असेल. त्यांच्या दुकानात मासा गार होऊ द्यायचा?

तात्सुझोने सांगितलं ते असं. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाबा रोज हेच करायचे. लढाईवर गेलेला मामा तिकडे उपाशी राहू नये म्हणून आई घरात त्याचं ताट वाढून ठेवायची ना, तसंच. मासा पूर्ण गार झाला की बाबा तो स्वतः खायचे आणि मग दार उघडायचे. हे कुणासाठी, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. जाताना त्यांनी थांबव म्हणून सांगितलं नाही, म्हणून तात्सुझो अजून करतो.

आपले बाबा रोज गार टेंपुरा खात होते, किनुको. शब्द मागे घेणं म्हणजे आणखी काय असतं, मला माहीत नाही. तिकीट काढ.

वाट पाहणारी,
ताई


हाकोदाते,
२४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तू दिलेलं लोणचं शिगेओंनी पहिल्याच दिवशी फस्त केलं.

तू माझ्या शेजारीच होतीस, तरी त्या दुपारचं लिहिते, कारण तू सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. तात्सुझोने माझी कसली चौकशी केली नाही. फक्त टोकाची खुर्ची मागे ओढून दिली. मुडदुशी समोर आली आणि माझा हातच उचलेना. बाबांनी खाल्लेल्या सगळ्या गार माशांचा विचार मनात येत होता. तेव्हा कढईवरची नजर न काढता तो अगदी बाबांसारखं म्हणाला, “पोरी, गार होतंय.”

मी ती तशीच तोंडात टाकली. जीभ चांगलीच पोळली. घरी आल्यावर शिगेओंनी थंड पाणी पुढे केलं, मी घेतलं नाही. आज सकाळी चहा पिताना लक्षात आलं, आता फारसं झोंबत नाही. आणखी थोडे दिवस झोंबलं असतं तर बरं झालं असतं.

आजवर लावलास तसाच जीव लावत राहा.

तुझी,
किनुको