खूण केलेलं उदमांजर

४ नोव्हेंबर, उमरठ
पोलादपूरहून दुपारच्या एसटीनं आलो. खोली छान आहे. मागे ओढा, पुढे भाताची झोडणी चाललेली. घरमालकीण गीताबाईंनी तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. काम सोपं आहे: वन खात्याच्या परवानगीनं पिंजऱ्यात उदमांजर धरायचं, कानामागचे केस कातरून खूण करायची, सोडून द्यायचं. पुढच्या फेरीत खुणेची किती आणि बिनखुणेची किती सापडतात, त्यावरून रानातली एकूण संख्या काढतात. बारावी नापासाला हे काम मिळालं, आईला फोनवर खरंच वाटेना.

१२ नोव्हेंबर
दुसरी फेरी. सगळी नवीन. खुणेचं एकही नाही. मोजणीच्या प्रमुख इरावती मॅडम मुंबईहून फोनवर म्हणाल्या, पिंजरे वाढवा, फेऱ्यांमधले दिवस कमी करा. महिनाअखेर खुणेचं एक तरी सापडलं नाही तर काम बंद, माझी नेमणूकही संपली. गीताबाई हसल्या. "येकदा फसलेला परत कशाला येल रे? तो काय तुज्यावानी नापास हाय?"

१९ नोव्हेंबर
पिंजरे वाढवले. केळ्याऐवजी सुकट लावली. तरी सगळी नवीच. चिडून एक पिंजरा लाथाडला, मग वाकलेली तार सरळ करत बसलो. काल परतताना ओढ्याकाठी पिकल्या फणसाचा वास आला. या दिवसांत फणस? बघायला वळलो. जाग आली ती आज सकाळी, बांधावर. जीभ जड.

२० नोव्हेंबर
आंघोळ करताना हात लागला. उजव्या कानामागे केस नाहीत. नीट कातरलेले, मी कातरतो तसेच. गीताबाईंना दाखवलं. त्यांनी पदर सारून स्वतःचा कान दाखवला. तिथे केस पुन्हा उगवलेच नाहीत. लहानपणी झालं, म्हणाल्या. तेव्हापासून ओढ्याकडे पाऊल टाकलं नाही. तूही टाकू नको, काहीही दिसलं तरी.

२६ नोव्हेंबर
पिंजरे मिटून ठेवलेत. मॅडमचा फोन घेतला नाही. फणसाचा वास परसापर्यंत— काल आईच्या आवाजात हाक. गेलो नाही. रोज थोडं जवळ. मला खूण करून सोडणारं जे काही आहे, तेही फेऱ्या वाढवतंय. मी परत सापडत नाही म्हणून—

२९ नोव्हेंबर, दुपार
ओढ्यापलीकडे दगडावर उदमांजर. भर उन्हात. कानामागे माझी खूण. हे एक पुरे, नोकरी वाचेल. गीताबाई दार अडवून उभ्या, हात जोडून. मी खिडकीतून—

नोंद जागेवरच करायची असते. ओढा ओलांडून दगडापाशी बसून करतोय. ते हलत नाही. डोळ्यांवर माशा. मागच्या पायाला दोर बांधलाय. दोर गवतातून माझ्या पाठीमागे जातो, आणि आता ताण—