आबांच्या हातचं औषध

४ फेब्रुवारी १९७४, सांगली

माफ कर, डायरी. दिवाळीपासून तुला उघडलंच नाही. चांगलं लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि वाईट लिहायचा धीर होत नव्हता.

आज साळूबाई माझ्या दवाखान्यात डोकावली. रहिमतपूरची, माझ्या वडिलांची, आबांची, जुनी पेशंट. इथे भाचीकडे आली होती. आबांनी तिला खोकल्याचं औषध म्हणून अंगाला चोळायचं तेल भरून दिलं! बाटली तोंडाशी नेताना वास आला म्हणून वाचली. सांगताना ती हसत होती. आबांचा मोतीबिंदू पिकलाय, आणि ते ऑपरेशनला तयार नाहीत.

त्यांचा दवाखाना बंद करायला हवा. त्यांना इथे आणायचं. पण हे ठरवतोय कोण — मुलगा की डॉक्टर?

५ फेब्रुवारी

दोघेही भित्रे. रविवारी जातो.

१० फेब्रुवारी, रहिमतपूर

दवाखान्यात स्पिरिटचा तोच वास. शाळेतून आलो की याच बाकावर बसून मी बाटल्यांना कागदी पट्ट्या चिकटवायचो — एका खाचेला एक डोस. खाच वाकडी गेली की आबा पट्टी फाडून टाकायचे. ‘पेशंटनं अंदाजानं प्यायचं, तर आपण शिकलो कशाला?’ रागवायचे, आणि घरी जाताना खांद्यावर घ्यायचे.

दिवसभर उसाबद्दल बोललो. दिवेलागणीला कसंबसं सांगितलं. आबा चष्मा पुसत राहिले.

“सांगलीत मला ओळखतं कोण, मानसिंग?”

मी उठून कंदील लावला.

११ फेब्रुवारी

सकाळी पायरीवर चार-पाच बायका; मी आबांना न्यायला आलोय हे गावभर झालेलं. त्यांतून साळूबाई उठली, मला बाजूला घेतलं.

“आवं डाक्टर, आबास्नी नेऊ नगा. त्येंचं औषध आता आमी पीत न्हाई.”

स्टँडाजवळ नवा डॉक्टर आलाय. औषध त्याच्याकडून घेतात. मग इथे येतात, आबांना नाडी दाखवतात, बाटली भरून नेतात आणि घरामागच्या परड्यात ओततात. मग येता कशाला, विचारलं.

“माजी दोन पोरं त्येंनी जगवली. आता त्येंला नगं म्हनू व्हय?”

म्हणजे धोका नाही. पण सगळं गाव म्हाताऱ्याला फसवतंय — मायेनं का होईना! आणि आता मलाही माहीत आहे. गप्प राहणं म्हणजे मीही त्यात सामील. ज्यांना वाकडी खाच चालली नाही, त्यांना हे चालेल?

१२ फेब्रुवारी

सांगितलं. आबांनी चहा संपवला. मग मिशीत हसले.

“ओततात, ठाऊक आहे. त्या तेलाचा वास माझ्या हाताला आला, तेव्हापासून मी औषधाला हात लावलेला नाही. बडीशेपेचं पाणी देतो. कुणाला खरंच ताप असला तर त्या नव्या पोराकडे पाठवतो.”

कप खाली ठेवत म्हणाले, “साळूला बोलू नकोस हं. वाईट वाटेल तिला.”

उद्या: सांगलीची गाडी धरण्याआधी आबांना बडीशेप आणून देणे.