मेकॅनिक येण्याआधी पुसलेली शेगडी

प्रिय चिमे,

आईचं पत्र पाहून दचकू नकोस. म्हणजे दचक, पण शेवटपर्यंत वाच.

पुढच्या महिन्यात तुझी लेक दोन महिन्यांसाठी माझ्याकडे येणार, म्हणून मी स्वयंपाकघर साफ करायला काढलं. शेगडीचे बर्नर गरम पाण्यात भिजवले, टूथब्रशने घासले, एकेक भोक सुईने मोकळं केलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण काम अर्धवट सोडायचं नाही, हे शाळेतल्या सिस्टरांनी हाडात भिनवलंय. बर्नरखालचं, ज्यातून गॅस येतो ते इवलंसं पितळी जेटही टोचलं. झालं! जेटचं भोक मोठं झालं, ज्योत पिवळी आणि लांबलचक, पातेल्यांची बुडं काळी ठिक्कर.

शेगडीवाल्याला बोलावलं. आता परका माणूस घरात येणार आणि त्याला मळकी शेगडी दाखवायची? सकाळीच गॅसची नळी काढली, शेगडी मोरीत नेऊन लखलखीत केली, परत आणून नळी बसवली, रेग्युलेटर चालू केला आणि ओट्याशी त्याची वाट बघत बसले. हसू नकोस. डॉक्टरांच्या राउंडआधी वॉर्ड चकाचक करण्यात माझी बत्तीस वर्षं गेली आहेत.

तो आला आणि दारातच थबकला. मी म्हटलं, चपला काढून आत ये, ज्योत कशी येते ती दाखवते, आणि लायटर उचलला. त्या गृहस्थाने चपलांसकट धावत येऊन माझं मनगट धरलं! माझं! मी म्हटलं, लाज नाही वाटत? तर तो ओरडला, "मावशी, गप उभ्या राहा, कशालाही हात लावू नका!" मला गप राहा म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता. त्याने रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, मला दंडाला धरून जिन्यात नेऊन बसवलं. बऱ्याच वेळाने आत बोलावलं. नळीच्या तोंडाला साबणाचा फेस लावून रेग्युलेटर क्षणभर उघडला, तर लिंबाएवढा बुडबुडा फुगला. नळी मी अर्धीच बसवली होती. तिची क्लिप ओट्यावर पडलेली.

नवं जेट बसवताना तो म्हणाला, "खालच्या जिन्यापर्यंत वास मारत होता, मावशी. तुम्ही तर आतच होता ना?" मी म्हटलं, सर्दी झालीय. "मग नाक उघडेपर्यंत शेगडीपाशी फिरकू नका." आगाऊच आहे मेला. पण जाण्याआधी नळीची क्लिप त्याने तीनदा ओढून पाहिली, ते मी पाहिलं.

मला सर्दी नाही, चिमे. तो गेल्यावर मी फिनेलची बाटली हुंगली, मग कॉफीचा डबा, मग व्हिनेगर. सगळं साध्या पाण्यासारखं. थंडीत तो ताप आला होता ना, तेव्हापासून हे असंच आहे. तू फोनवर विचारायचीस, तोंडाला चव आली का, आणि मी खुशाल सांगायचे, आली. जखम चिघळली की दारातूनच वासाने ओळखायचे मी! आता तीन दिवस पावावर काढले आहेत. लायटर कपाटात कुलूपबंद आहे. तरी तासातासाला उठून शेगडीचे नॉब चाचपते. बंद असतात. विश्वास बसत नाही, मग पुन्हा उठते.

पोरीला पाठवू नकोस. ती इथे असती तर त्या सकाळी स्टुलावर चढून माझ्या शेजारी उभी असती. "आजी, टक्क मी करणार," म्हणून लायटर तिने मागितला असता, आणि मी दिला असता. डोळे मिटले की तेवढंच दिसतं. गुरुवारी डॉक्टरांकडे जाते आहे, काय म्हणतील ते कळवीन. हे फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, काही होत नाही गं आई, आणि मी ते लगेच मानलं असतं, कारण मला पोर इथे हवी आहे. म्हणून लिहिलं. रविवारी ती फोनवर विचारेल, आजी, मी येऊ ना? मी ये म्हणेन. माझं ऐकू नकोस.

तुझीच, आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेली,
आई