सहा जणांचं एक ताट

मांडवी, रत्नागिरी

प्रिय हमीद यास अजराआपाचा सलाम आणि दुआ.

तुझा गुडघा कसा आहे? महरीनची शुगर? दोघांनी औषधं डॉक्टरला विचारून घ्यावीत, कुवेतमधल्या शेजाऱ्यांना विचारून नव्हे. ईदनंतर तुम्ही कायमचे परत येताय, तर सगळ्यांनी एकाच चुलीवर राहायचं का, असं तू विचारलंस. (फोनवर मी मुद्द्याचं बोलायला लागले की तुझं नेटवर्क जातं, म्हणून हे पत्र. सूनबाई त्याचा फोटो काढून पाठवेल.) उत्तर देते, पण आधी आपल्या घरात झालेल्या शूटिंगचं ऐक.

सिनेमा विनोदी. मुंबईच्या फ्लॅटमध्ये आपापलं दार लावून राहिलेली सहा माणसं कोकणात एक घर घेतात आणि एकत्र राहायला शिकतात. दिग्दर्शिका राही नावाची मुलगी. नटांनी आधी आठ दिवस खरोखर एकत्र राहावं असा तिचा हट्ट, आणि शिस्त लावायला मी. मी न्हाणीघराच्या दारावर वेळापत्रक लावलं, माणशी दहा मिनिटं. (सानवी या नायिकेचा दहा मिनिटांत एक डोळासुद्धा रंगवून होत नाही.) फ्रिजमध्ये नावं घातलेल्या सहा बाटल्या, सहा तऱ्हेचं दूध, त्यात म्हशीचं एकही नाही.

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी मी आपलं मोठं ताट काढलं. दावतीला बसतो तसं सहाही जणांना भोवती बसवलं आणि नियम सांगितले: आपल्या पुढ्यातलंच खायचं, आणि शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही. नायक रितेशने काकडीच्या चकत्या मांडून आधी स्वतःची हद्द आखली. शिवाय तो प्रत्येक घास बत्तीस वेळा चावतो, मोजून. पाच जण हात वाळवत बसले, अंगणात चाळीस माणसं लाइट लावून खोळंबली. सानवी ओरडली, "रित्या, गीळ रे बाबा, आता तरी गीळ!" त्यात त्याची मोजणी चुकली आणि त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

राही रडकुंडीला आली. मी म्हटलं, बाजूला व्हा, एकत्र राहणं म्हणजे काय ते आमच्याकडे बघा. मी, आपला फुजैल आणि सूनबाई झरीन ताटाला बसलो. कॅमेरा सुरू झाला. सुरमईत मीठ जास्त आहे, एवढंच मी झरीनला म्हटलं. ती म्हणाली, "मग उद्यापासून तुम्हीच करा, अम्मी." फुजैल मध्येच बोलला, "मीठ बरोबर आहे." मग आम्ही दोघींनी मिळून त्याला धारेवर धरलं. (एकोपा म्हणतात तो हाच.)

रविवारी सिनेमा पाहिला. सहाही नट जीव तोडून पडले, घसरले. लोक जेमतेम हसले. मग पडद्यावर आम्ही तिघं आलो आणि अख्खं थिएटर हसून हसून डोळे पुसायला लागलं. मागची बाई म्हणाली, "ही म्हातारी कुठली नटी गो? अगदी खरी खाष्ट वाटते!" मी वळून पाहिलं. ती पुढे सिनेमाभर हसली नाही.

तुझी बहीण,
अजरा

ता.क. एकाच चुलीला माझी ना नाही. मात्र महरीनने मीठ मला विचारून घालावं, कांदा मी सांगेन तसा चिरावा, आणि मी चूक दाखवली की उसासे टाकू नयेत.

ता.क. २. हे जड वाटत असेल तर मागच्या पडवीत दुसरी शेगडी बसवून घेतली आहे. पण वेगळं राहायचं मी म्हणणं बरं दिसत नाही, मी थोरली. तेव्हा "आपा, आम्हाला वेगळंच हवं" असं तूच लगेच लिही. मी दोन दिवस रुसेन, मग कबूल होईन.

मामू, सलाम. झरीन लिहितेय. अम्मी पत्र लिहीत होत्या तेवढ्यात मी आणि फुजैलने आमची भांडी मागच्या पडवीत हलवली. तेव्हा तुम्ही आणि मामी अम्मींसोबत. फोटो पाठवला की मी फोन बंद ठेवणार आहे.