कोच बदलायलाच हवा

१० नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. हेतू: मन शांत ठेवणे. डॉक्टरने विचारलं, बीपी वाढलंय, कसलं टेन्शन आहे? शोभना मध्येच म्हणाली, फुटबॉलचं. मी म्हणालो, मुलीच्या लग्नाचं. बायकोला बरोबर नेऊ नये.

केयाचं लग्न १३ डिसेंबरला, इथेच शॉमबर्गमध्ये. खरं तर गुरुजींनी २९ नोव्हेंबर काढला होता. उत्तम मुहूर्त, पुन्हा असा मिळायचा नाही म्हणाले. पण २९ला आमच्या युनिव्हर्सिटीची, केटल रिव्हर स्टेटची, ईस्ट फोर्क युनिव्हर्सिटीशी अमेरिकन फुटबॉलची मॅच. वर्षातून एकदाच असते. मी घरी सांगितलं, गुरुजी म्हणतात २९ वर्ज्य आहे. थाप आहे, पण तिच्याच भल्याची. लग्नात बाप स्कोअर बघत बसला असता तर बरं दिसलं असतं का?

कन्यादानासाठी पुण्याहून धोतर मागवलं, ते आलं. नेसून आरशासमोर हात पुढे करून प्रॅक्टिस केली. रडायचं नाही असं ठरवलंय. चार वर्षांची होती तेव्हा माझ्या खांद्यावर बसून मॅच बघायची ही पोर. माझे केस धरून. तेव्हा केस होते.

शोभना दिवसभर केटररशी फोनवर. मी सुपरव्हाइज केलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

परवा परत हरलो. कोच टॉलिव्हर हा माणूस भित्रा आहे. चौथा डाउन म्हणजे शेवटचा चान्स. एक तर बॉल लांब लाथाडून समोरच्याला देऊन टाकायचा, नाहीतर हिंमत करून पुढे घुसायचं. टॉलिव्हर कायम लाथाडतो. एवढा पगार घेतो आणि हात बांधून बाजूला उभा राहून ओरडतो. एवढं तर मीही करेन.

संकल्प: १) ओरडायचं नाही. २) चिप्स बंद. ३) युनिव्हर्सिटीला महिन्यातून एकच मेल.

शोभनाने विचारलं, पत्रिका कुणाकुणाला गेल्या ते बघता का? म्हटलं, बघतो. बघायचं राहिलं. तिनेच बघितलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऐतिहासिक दिवस. दर सोमवारी संध्याकाळी टॉलिव्हर एका रेस्टॉरंटमध्ये चिकन विंग्ज खात रेडिओवर लोकांचे फोन घेतो. आज माझा लागला. होस्ट म्हणाला, मो फ्रॉम शॉमबर्ग, यू आर ऑन विथ कोच. (मोरेश्वर त्यांना झेपत नाही.) मी सरळ सांगितलं, कोच, शनिवारी चौथ्या डाउनला लाथाडू नकोस, घूस. भ्यायचं असेल तर घरी बस. टॉलिव्हर हसला, म्हणाला, आय हिअर यू, मो.

आय हिअर यू! शोभनाला तीनदा रेकॉर्डिंग ऐकवलं. ती अक्षतांच्या पुड्या बांधत होती. म्हणाली, छान.

२६ नोव्हेंबर, बुधवार

व्याही आले श्रूजबरीहून, थँक्सगिव्हिंगला. अरुणराव आणि हिमानीताई. साधी माणसं. बरोबर परीक्षित, म्हणजे आमचा होणारा जावई. मुलगा मनाने चांगला, पण दोन दोष आहेत. एक, शिकला ईस्ट फोर्कला. दोन, बोलताना अडखळतो. मला "काका" म्हणायला त्याला तीन प्रयत्न लागतात. केया अजिबात घाई करत नाही, शांतपणे थांबते. मी शब्द पुरवतो, मदत म्हणून. तिने दोनदा डोळे वटारले. चांगुलपणाला जगात किंमत नाही.

पण मी मन मोठं केलंय. ईस्ट फोर्कचा जावई करून घेणं सोपं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर सुशांतने, आमच्याच टीमचा फॅन तो, मला ट्रेटर म्हटलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सीझन तिकिटं दोन आहेत. दुसरी सीट केयाची. ती म्हणाली, मेंदी ट्रायल आहे, येणार नाही. मग अरुणरावांना नेलं. तीन तासांचा ड्राइव्ह, वाटेत नियम समजावले. त्यांनी सगळ्या मॅचमध्ये एकच प्रश्न विचारला. आपण इथून ओरडतो ते त्या कोचला ऐकू येतं का? माणूस मुद्द्याचं काही विचारणारच नाही.

हरलो.

एका पॉइंटने पुढे होतो. दोन मिनिटं उरलेली. आपल्याच हाफमध्ये चौथा डाउन, एक यार्ड हवा. कुणीही शहाणा माणूस बॉल लाथाडून देईल. या गाढवाने घुसायला लावलं! आमचा पोरगा जागीच आडवा झाला, बॉल ईस्ट फोर्कला, त्यांनी किक मारून तीन पॉइंट घेतले, खेळ खलास.

परतताना अरुणराव हळूच म्हणाले, पण तुम्हीच रेडिओवर तसं सांगितलं होतं ना, शोभनाताई म्हणत होत्या. मी घुसायला सांगितलं होतं, असं घुसायला नव्हतं सांगितलं. फरक आहे. त्यानंतर घरापर्यंत मी रेडिओ मोठा ठेवला.

घरी आलो तर परीक्षित दारात. म्हणाला, स, स, सॉरी काका. मी म्हणालो, वाक्य पूर्ण होईस्तोवर पुढचा सीझन येईल. जोक होता. कुणी हसलं नाही. हिमानीताई आत निघून गेल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

डोकं शांत. संकल्प मोडला नाही, मेल या महिन्यातला पहिलाच आहे. (आधीचे ऑफिसच्या अकाउंटवरून गेले, ते धरत नाही.) अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे कोचच्या साहेबाला, लिहिलं, टॉलिव्हरला आत्ताच काढा. इतक्या वर्षांच्या माणसाला कसं काढायचं असा प्रश्न असेल तर प्रेसनोटही तयार करून दिली. वी आर गोइंग इन अ डिफरंट डायरेक्शन. वी थँक हिम फॉर हिज इयर्स ऑफ सर्व्हिस. सभ्य, थंड, कुणाला काही बोलायला जागा नाही. अशा वेळी भावना मध्ये आणायच्या नसतात.

ग्रामरसाठी केयाला पाठवला. तिने एक कॉमा घातला.

व्याही दुपारच्या फ्लाइटने गेले. परवा जाणार होते बहुतेक. त्यांचं काहीतरी काम निघालं असेल.

१ डिसेंबर, सोमवार

सीझनचा शेवटचा शो. फोन पुन्हा लागला! मी फॉर्मात होतो. म्हणालो, हेड कोचला काढा आणि असिस्टंटला बसवा. सगळी धावपळ तोच करतो, हा नुसता मिरवतो. मग एक उदाहरण दिलं. म्हणालो, कोच, माझी मुलगी ईस्ट फोर्कच्या मुलाशी लग्न करतेय, तो तोतरा आहे, त्याला एक वाक्य बोलायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत तुझी टीम सामना हरते.

होस्टने लगेच जाहिरात लावली. मुद्दा बिनतोड असला की असं होतं.

शोभनाने इतका वेळ भांडी घासली की नळ बंद करायला मी उठलो.

३ डिसेंबर, बुधवार

क्लिप ईस्ट फोर्कवाल्यांनी त्यांच्या पेजवर टाकली. खाली लोकांनी माझ्याबद्दल लिहिलंय, त्यातलं इथे उतरवण्यासारखं काही नाही. तिथून ती महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर. सुशांतने अंगठा दिला, मग काढून घेतला.

परीक्षितला मेसेज केला, जोक होता, स्पोर्टिंगली घे. त्याचं उत्तर आलं, इट्स ओके काका. लिहिताना तो अडखळत नाही, ही जमेची बाजू.

त्यात गुरुजींनी घोळ घातला. शोभनाने त्यांना कसल्याशा पूजासाहित्यासाठी फोन केला तर म्हणाले, २९ला काय सुंदर मुहूर्त होता हो, तुमच्या यजमानांनी का सोडला? शोभनाने फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि केयाला फोन लावायला वरच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

बीपी घेतलं नाही. कशाला उगाच.

६ डिसेंबर, शनिवार

केया आली. एकटीच. मी म्हटलं, बरं झालं, भाषण ऐक. बापाच्या भाषणात मी फुटबॉलचे चार किस्से घातलेत. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, २९ तारीख मॅचसाठी बदलली? मी म्हटलं, बेटा, ती मॅच साधी नसते. मग विचारलं, परीक्षितची माफी मागितली? मी म्हटलं, त्याने इट्स ओके लिहिलंय, दाखवू का?

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी रडण्याआधी बघायची तसं. पण रडली नाही.

म्हणाली, "बाबा, वी आर गोइंग इन अ डिफरंट डायरेक्शन. कन्यादान आई करेल."

मला आधी कळेना. मग म्हटलं, आई एकटी कशी करेल? तर गुरुजींना विचारून झालं होतं, आईने एकटीने केलं तरी चालतं. आणि आईलाही विचारून झालं होतं. शोभना स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी तिच्याकडे बघितलं, म्हटलं, अगं, सांग हिला. तिने पदराला हात पुसले आणि केयाला विचारलं, जेवून जाणार ना?

जाताना केया दारात थांबली. वाटलं, आता मिठी मारेल. "अँड वी थँक यू फॉर युअर इयर्स ऑफ सर्व्हिस," असं म्हणाली आणि गाडीत बसली. कॉमासुद्धा बरोबर जागी होता.

७ डिसेंबर, रविवार

नीट विचार केला. कुणी मला काढलेलं नाही. मी स्वतःहून बाजूला होतोय, फॅमिलीला वेळ देता यावा म्हणून. ग्रुपवर तसं टाकलं. कुणी काही लिहिलं नाही, म्हणजे पटलं.

संकल्प: १) परीक्षितची माफी मागणे. लग्नाच्या आधी. २) टॉलिव्हरचं नावही काढणार नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

माफी: आज गडबड होती. उद्या हॉलवर मागतो.

१३ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळ

धोतर मीच नेसलो. कुणी नको म्हटलं नव्हतं. फोटोग्राफरने विचारलं, सर, आर यू विथ द प्रीस्ट? मी काही बोलायच्या आत त्याने मला समई जरा डावीकडे सरकवायला सांगितली. सरकवली. मग म्हणाला, आता फ्रेमच्या बाहेर. गेलो.

माफी मागायला परीक्षितकडे गेलो तर त्याच्याभोवती माणसं. तो माझ्याकडे बघून हसला, काहीतरी म्हणायला लागला. मी वाट बघायला हवी होती. मी म्हटलं, असू दे, असू दे, आणि निघून आलो.

दुसऱ्या रांगेत बसलो. शोभनाने केयाचा हात त्याच्या हातात दिला. तिने कुठल्याही आरशासमोर प्रॅक्टिस केली नव्हती. तरी काम चोख. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, ते जमलं नाही. डोळे धोतरालाच पुसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, मुलीकडचे का तुम्ही?

उखाण्याला परीक्षितला वेळ लागला. अख्खा हॉल थांबला. अरुणराव डोळे मिटून बसले होते. केया त्याच्या तोंडाकडे बघत होती, अजिबात घाई न करता. नाव आलं तेव्हा लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की असा आवाज आमच्या स्टेडियमातसुद्धा मी ऐकलेला नाही.

तेवढ्यात फोनवर बातमी. टॉलिव्हरला तीन वर्षांचं एक्स्टेन्शन. युनिव्हर्सिटीने लिहिलंय, एका चुकीच्या निर्णयावरून माणसाला काढायचं नसतं, इतक्या वर्षांची निष्ठा बघायची असते. दोनदा वाचलं. किती बरोबर लिहिलंय. तिथल्या तिथे केयाला फॉरवर्ड केलं.

तिचा फोन शोभनाच्या पर्समध्ये होता आणि पर्स मला धरायला दिली होती. माझ्याच मांडीवर वाजला. पुढच्या रांगेतले दोघे वळून बघायला लागले. शोभनाने स्टेजवरूनच खूण केली, बंद करा तो.